हयातीचा दाखला

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

जिवंत माणसाने आपण जिवंत आहोत हे सिद्ध कसे करावे? तर्कशास्त्राच्या तासाला हा प्रश्न कुणी विचारला असता तर सारा वर्ग हसला असता. परंतु आमच्या आळीतल्या एका आजीला हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि तिला त्याचे उत्तर कागदावर, सहीशिक्क्यानिशी द्यावे लागते. त्या कागदाचे नाव 'हयातीचा दाखला'. तो वेळेवर पोचला नाही, की सरकारच्या वहीत आजी उरत नाही आणि तिचे दरमहाचे पैसे बंद होतात.

ही आजी माझ्या नात्यातली नाही. माणदेशातल्या आमच्या गावी तिच्या आणि आमच्या घराची भिंत एक आहे, एवढेच नाते. नवरा जाऊन तीस वर्षे झाली, मूलबाळ नाही. ती माझ्या सख्ख्या आजीची मैत्रीण. १९७२ च्या दुष्काळात दोघी विशीतल्या होत्या आणि एकाच कामावर खडी फोडायला जात. आमच्या गावाला जोडणाऱ्या डांबरी रस्त्याखाली त्या दोघींनी फोडलेली खडी आहे, असे माझी आजी मोठ्या अभिमानाने सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी या शेजारच्या आजीचा अंगठा यंत्राने नाकारला. एकदा, दोनदा, पाच वेळा तिने अंगठा टेकवला. पदराने पुसून टेकवला, ओला करून टेकवला. यंत्र काही ओळख देईना. जन्मभर खुरपे, घण आणि जात्याचा खुंटा धरून बोटांवरच्या रेषाच पुसून गेलेल्या. तिथला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "आजी, पुढल्या आठवड्यात या, कुणाला तरी संगं घेऊन या." ती घरी आली आणि मला म्हणाली, "लेकरा, मी जिती हाय का न्हाय, ह्ये बी आता मशीन ठरवतंय व्हय?" मी हसलो. तीही हसली. माझी परीक्षा तोंडावर होती. 'पुढच्या आठवड्यात जाऊ या' असे मी तिला सांगितले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच सांगितले.

पैसे बंद झाले. तालुक्याला आम्ही गेलो तेव्हा दोन महिने उलटले होते. तेथून पुढे रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची नक्कल, आधारकार्डातील नावात एका अक्षराचा फरक, तो दुरुस्त करण्यासाठी पुन्हा एक रांग. या साऱ्यात नऊ महिने गेले. आजी उपाशी राहिली असे नाही. आमच्या घरची भाकरी भिंतीपलीकडे जात होती. पण रक्तदाबाच्या गोळ्यांचे काय? आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात हे खरे, पण तिथवर जायला वडापवाल्याला भाडे द्यावे लागते, आणि आमच्याकडे भाकरी मागायला तिला वाटली नाही ती लाज भाडे मागायला वाटली. तिने गोळ्या बंद केल्या आणि कुणालाच सांगितले नाही. नवव्या महिन्यात तिच्या अंगावरून वारे गेले. डावा हात आणि पाय गेला. त्यानंतर काही दिवसांनी तिचे पैसे पुन्हा सुरू झाले.

हा प्रसंग सांगितला तो कुणाची कणव यावी म्हणून नव्हे, आणि एखाद्या कारकुनाला दोष द्यावा म्हणून तर मुळीच नव्हे. तो कारकून नियमाप्रमाणे वागला. दोष द्यायचाच तर मी स्वतःला आधी देईन. पण स्वतःला दोष देऊन झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो मांडण्यासाठीच हा लेख आहे. एका वृद्ध बाईचे औषध शेजारच्या पोराच्या सवडीवर अवलंबून असावे काय? ज्या व्यवस्थेला 'सामाजिक संरक्षण' असे भारदस्त नाव आपण दिले आहे, ती शेजाऱ्याच्या सवडीवर चालत असेल, तर तिला व्यवस्था म्हणायचे की दैव?

*

आपण अर्थशास्त्राचे विद्यार्थी या विषयावर पुष्कळ पाने भरतो. बिस्मार्कच्या जर्मनीतील विमा, १९४२ चा बेव्हरिज अहवाल, कल्याणकारी राज्याची व्याख्या हे सारे आपल्याला पाठ असते. पण हा विचार केवळ बाहेरून आलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा असावी की नसावी, याची चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू घेतली होती. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद आली. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, आणि 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही शब्द 'हक्क' असा आहे. भीक, दान, अनुग्रह असा नाही.

आता आपल्या योजनांची नावे पाहा. १९८० साली महाराष्ट्रात 'संजय गांधी निराधार अनुदान योजना' सुरू झाली. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. विधवा, अपंग, परित्यक्ता, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले लोक अशा कितीतरी जणांना तिने आधार दिला. पासष्टीनंतरच्या वृद्धांसाठी 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' आहे. या योजनांची रक्कम २०१९ साली ६०० वरून १००० रुपये आणि २०२३ साली १५०० रुपये झाली. रक्कम वाढली याचा आनंद आहे. पण 'निराधार' हा शब्द काय सांगतो? मदत हवी असेल तर आधी जाहीर करा की आम्हाला कोणी नाही. आमच्या आजीने पहिला अर्ज भरला तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "निराधार कशी मी? समदी आळी हाय की माझी." खरे आहे. ती निराधार नव्हती. ती फक्त म्हातारी आणि गरीब होती. तेवढे कारण पुरेसे नाही काय?

*

या योजनांच्या दारात जी चाळण लावली आहे, तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. गेली दोन वर्षे मी आणि माझे काही मित्र राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने लोकांचे अर्ज भरून देतो. आम्ही भरलेल्या अर्जांवर कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती. अपंगांसाठी ती थोडी सैल आहे, इतरांसाठी नाही. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १७५०, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही नाहीत. हा आकडा एका माणसाचा नव्हे, साऱ्या कुटुंबाचा! दिवसाला अठ्ठावन्न रुपयांत एखादे कुटुंब जगते, यावर सरकारचा तरी विश्वास आहे काय? शेतमजुरी करणारी बाई महिन्यातले दहा दिवस कामाला गेली तरी ती या रेषेच्या वर जाते.

मग काय होते? ज्याला दाखला मिळतो त्याच्या दाखल्यावर २१,००० किंवा त्याहून कमी आकडा येतो. तो खोटा आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला माहीत असते आणि मंजूर करणाऱ्यालाही माहीत असते. ज्याची कुणाशी ओळख आहे, ज्याला बोलता येते, ज्याच्या घरात चार बुके शिकलेला पोरगा आहे, त्याला तो खोटा आकडा मिळतो. जो खरे बोलतो तो दारातच अडतो. म्हणजे आपण गरिबाला आधी खोटे बोलायला भाग पाडतो, आणि मग 'हे लोक खोटे दाखले काढतात' म्हणून त्याच्यावरच बोट रोखतो. सरकारी मदतीची पहिली अट जर असत्य असेल, तर त्या मदतीने पोट भरले तरी मान ताठ कशी राहील?

दुसरी चाळण दारिद्र्यरेषेच्या यादीची. वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा मिळण्यासाठी कुटुंब त्या यादीत असावे लागते, आणि आमच्याकडे ती यादी २००२ च्या पाहणीवर बेतलेली आहे. त्यानंतर जी बाई विधवा झाली, ज्याची विहीर आटली, ज्याचा कर्ता मुलगा अपघातात गेला, त्यांचे दारिद्र्य त्या यादीला दिसत नाही. आणि केंद्राचा हा वाटा किती? २००७ मध्ये या योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले तेव्हा तो महिना २०० रुपये होता. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी तो अजूनही २०० च आहे. या काळात तेलाचा डबा, गॅसची टाकी, वडापचे भाडे कुठून कुठे गेले ते सांगायला नको. आपल्या प्राध्यापकांना महागाई भत्ता मिळतो आणि तो वर्षातून दोनदा नव्याने ठरतो. तो मिळायलाच हवा. पण महागाई केवळ नोकरदाराच्याच घरी येते आणि म्हातारीच्या झोपडीवरून पुढे निघून जाते, असे कोणत्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिले आहे?

आणखी एक विसंगती सांगतो. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांना महिना १५०० रुपये, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. या योजनेच्या राजकारणात मी शिरत नाही. बायकांच्या हातात पैसा आला हे मी चांगलेच मानतो. पण दोन्ही योजना शेजारी ठेवून पाहा. चौसष्ट वर्षांच्या बाईला अडीच लाखांच्या मर्यादेत जे १५०० रुपये मिळतात, तेच १५०० रुपये पासष्टी ओलांडल्यावर मिळवायचे तर तिला एकवीस हजारांच्या चाळणीतून जावे लागते. हातपाय चालत होते तोवर दार उघडे, आणि हातपाय थकल्यावर दार बंद! याचा अर्थ एवढाच, की चाळण बारीक ठेवण्यामागे तिजोरीची अडचण हे एकमेव कारण नाही. मनात आणले तर ती मोठी करता येते.

*

या विषयावर आमच्या वर्गात चर्चा झाली तेव्हा तीन आक्षेप निघाले. ते आक्षेप विचार करण्यासारखे आहेत, म्हणून त्यांना डावलून पुढे जात नाही.

पहिला आक्षेप असा, की फुकट मिळू लागले की माणूस आळशी होतो. त्याला उत्तर आपल्याच मातीत आहे. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे आमच्याच सांगली जिल्ह्यातले. १९६५ साली तासगाव तालुक्यात या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन माझी आजी आणि तिची मैत्रीण उन्हात घण मारीत होत्या. त्यांना कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. जो दिवसभर खडी फोडायला तयार आहे तो गरजू आहे, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांचे १९७७ साली कायद्यात रूपांतर झाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर सरकारने बेकार भत्ता द्यावा, असे त्यात होते. पुढे २००५ साली केंद्राने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता. या कामांवर खोटे हजेरीपट झाले, मजुरी महिनोन्महिने अडकली, हे मी नाकारीत नाही. पण लाखो माणसे रणरणत्या उन्हात कामाला आली, हे गरिबाच्या आळसाचे लक्षण खचित नव्हे. आणि ज्यांना आता काम करताच येत नाही, त्या वृद्ध-अपंगांच्या बाबतीत आळसाचा प्रश्न उद्भवतो तरी कुठे?

दुसरा आक्षेप पैशाचा. आभाळच फाटले आहे, ठिगळ कुठे कुठे लावणार? या आक्षेपाचे उत्तर आपल्या प्राध्यापकांच्या पगारपत्रकात आहे. 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २५०० रुपये कापले जातात. १९७५ साली हा कर बसवला गेला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता. त्या काळच्या कल्पनेप्रमाणे करातून जेवढी रक्कम येईल तेवढीच सरकारने आपल्या पदरची घालायची होती. शहरातल्या नोकरदाराने पगारातून थोडे द्यायचे आणि त्यातून दुष्काळी गावात बंधारा उभा राहायचा, असा हा व्यवहार होता. मला हा व्यवहार फार मोठा वाटतो. कारण तो दयेवर आधारलेला नव्हता. देणाऱ्याला घेणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नव्हते आणि घेणाऱ्याला देणाऱ्यापुढे वाकावे लागत नव्हते. एका पिढीने हे करून दाखवले असेल, तर पुढच्या पिढीने 'पैसा कुठून आणायचा' म्हणून हात झटकणे शोभत नाही. शिवाय हा पैसा जातो कुठे तेही पाहावे. समजा, एका गावात दोनशे वृद्ध आहेत आणि त्या प्रत्येकाला महिना १५०० मिळतात. वर्षाला छत्तीस लाख रुपये झाले. ते गावातल्याच वाण्याकडे, पिठाच्या गिरणीत, औषधाच्या दुकानात फिरणार. म्हातारी माणसे हा पैसा परदेशात नेऊन ठेवीत नाहीत!

तिसरा आक्षेप आमच्या सरांनी काढला, आणि तो मला सर्वांत अवघड वाटला. ते म्हणाले, "चाळण काढली तर बागाईतदारही रांगेत उभा राहील. त्याला का द्यायचे?" मी पुष्कळ विचार केला. चाळणीला दोन प्रकारच्या चुका करता येतात. नको त्याला आत घेणे ही एक, आणि हव्या त्याला बाहेर ठेवणे ही दुसरी. आपण पहिल्या चुकीवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतो. दुसऱ्या चुकीची बातमी होत नाही, कारण जो बाहेर राहिला त्याला बोलता येत नाही. बागाईतदाराने चुकून १५०० रुपये घेतले तर सरकारचे १५०० रुपये गेले. आमच्या आजीला चुकून वगळले तर तिचा डावा हात गेला. या दोन चुका एकाच तराजूत कशा घालायच्या? नेपाळसारख्या आपल्याहून गरीब देशाने १९९५ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला महिना शंभर रुपये द्यायला सुरुवात केली. रक्कम लहान होती, पण अट फक्त वयाची होती. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, आणि आपण चाळण निवडली.

*

मग करायचे काय? केवळ टीका करून लेख संपवणे सोपे आहे, म्हणून मला सुचतात त्या चार-पाच गोष्टी मांडतो.

वृद्धांसाठी वयाचा पुरावा पुरेसा मानावा. जे आयकर भरतात किंवा सरकारी निवृत्तिवेतन घेतात, त्यांची नावे सरकारजवळ आहेतच. तेवढी वगळावीत. म्हणजे पुरावा देण्याचे ओझे झोपडीवरून कचेरीवर जाईल. बागाईतदाराच्या शेतीवर आयकर नाही, तेव्हा त्यातले काही जण आत येतील हे मी कबूल करतो. आमच्या आजीसाठी ती किंमत मला मान्य आहे.

हयातीच्या दाखल्याचेही तसेच. १९६९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी. ग्रामपंचायतीत ते पुस्तक असते. मेलेल्यांची यादी सरकारकडे असताना जिवंत माणसांनी दरवर्षी हजेरी का लावावी? पंचायतीने मृतांची नावे तालुक्याला कळवावीत, आणि उरलेले सारे जिवंत आहेत असे मानावे. एखादे नाव कापायचेच असेल, तर आधी लेखी नोटीस घेऊन कुणीतरी त्या घरी जावे. घरी गेले की माणूस जिवंत आहे की नाही ते डोळ्यांना दिसते. त्यासाठी अंगठ्याच्या रेषा लागत नाहीत. आणि चूक सरकारची ठरली तर मधल्या महिन्यांचे पैसे मागील बाकीसह द्यावेत. रक्कमही महागाईशी बांधावी, म्हणजे दर वाढीसाठी निवडणुकीची वाट पाहावी लागणार नाही.

शेवटची गोष्ट कष्टकऱ्यांच्या म्हातारपणाची. माझे वडील सांगलीच्या बाजारात हमाल आहेत. त्यांना ठरावीक मालक नाही. सकाळी एका अडत्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. तरीही त्यांना भविष्यनिर्वाह निधी आहे, बोनस आहे. कारण १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी मुंबईच्या गोदीत आणि बाजारात लढे दिले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, त्यांतून ही व्यवस्था उभी राहिली. मालकाने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती हमालाच्या नावे जमा करायची. मालक बदलतो, ट्रक बदलतो, मंडळ तेच राहते. माझी कॉलेजची फी त्या पाठीवरच्या पोत्यांतून आणि त्या मंडळाच्या पुस्तकातून आली आहे. उलट माझे चुलते ऊसतोडीला जातात. त्यांनी वडिलांइतकेच कष्ट केले. गेल्या हंगामात गाडीवरून पडून त्यांचा पाय मोडला, तेव्हा त्यांच्या नावावर मुकादमाची उचल तेवढी होती. एकाच आईच्या पोटी जन्मलेले दोन भाऊ. एकाच्या मागे कायदा उभा आहे आणि दुसऱ्याच्या मागे कर्ज. जे हमालांच्या बाबतीत पन्नास वर्षांपूर्वी जमले, ते ऊसतोड्याच्या, मोलकरणीच्या, वीटभट्टीवरच्या मजुराच्या बाबतीत का जमू नये? मागणी नवी नाही. जे आपण एकदा करून दाखवले आहे, तेच पुढे नेण्याची आहे.

*

मित्रहो, हे सारे सरकारने करायचे आहे आणि ते होईपर्यंत आपण हात बांधून बसायचे, असे मात्र मला म्हणायचे नाही. आपल्या महाविद्यालयात दर शनिवारी एक टेबल मांडता येईल. दोन विद्यार्थी, एक रजिस्टर, थोडे कोरे कागद. तालुक्याच्या बाजाराला आलेल्या माणसाचा अर्ज वाचून दाखवायचा, भरून द्यायचा, पोच घ्यायला शिकवायचे. कुणाचे पैसे कशामुळे थांबले, किती महिने थांबले, याची नोंद ठेवायची. वर्षाच्या शेवटी ते रजिस्टर घेऊन तहसीलदारांकडे जायचे. अर्थशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला याहून चांगला विषय मिळणार नाही.

पण हे लिहितानाच मला माझे ते वाक्य आठवते, 'पुढच्या आठवड्यात जाऊ या'. उद्या आपल्याही टेबलावर परीक्षेच्या दिवसांत कुणी नसेल. म्हणून टेबल मांडायचे ते टेबलाची गरज संपावी यासाठी, हे विसरता कामा नये. आपली सेवा ही हक्काची जागा घेऊ शकत नाही. फार तर हक्क येईपर्यंत ती वाट अडवून धरील.

यंदा पुन्हा हयातीच्या दाखल्याची वेळ आली. आजीला आता खाटेवरून उठवत नाही. मी वेळेवर गेलो, सगळे कागद नीट लावून दिले. घरी येऊन तिला सांगितले, "आजी, झालं काम. आणखी एक वरीस तू जिती हायस." ती उजव्या हाताने पदर सारखा करीत म्हणाली, "आन् तुला येळ गावला नसता तर रं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते माझ्याजवळ असण्याची गरजच पडू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.